कमळाचं सतरावं पान

एक

सोमवारी सकाळी प्रार्थना आटोपून मुलं रांगेने वर्गाकडे वळत होती, तेवढ्यात वाचनालयाच्या खोलीतून आठल्ये सरांचा आवाज आला. "कापलं! अरे, पान कापलं कुणीतरी!"

आठल्ये सर पळसटोलीच्या हायस्कुलात अकरावीला, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गाला, मराठी शिकवत. एरवी ते इतकं हळू आणि गोड बोलत, की मागच्या बाकावरची मुलं सुखाने डुलक्या काढत. त्यांना ओरडताना ऐकून अर्धी शाळा दाराशी गोळा झाली. गणिताचे लटारू भोयर मास्तर तर खडूचा डबा हातात धरूनच धावले.

टेबलावर शाळेचं हस्तलिखित उघडं पडलं होतं. वर्षभर खपून अकरावीच्या मुलांनी आपल्या कविता, गोष्टी नि निबंध त्यात वळणदार अक्षरात उतरवले होते. पत्रू चपराशाने पानं शिवून त्याला खादीचा पुठ्ठा चढवला होता. १९५८ साल नुकतं लागलं होतं. गुरुवारी स्नेहसंमेलन होतं आणि चांद्याहून शिक्षणाधिकारी बाई खास हे हस्तलिखित पाहायला येणार होत्या. त्यातलंच एक पान कुणीतरी शिवणीपासून पात्याने कापून नेलं होतं.

"सतरा-अठरा," आठल्ये सर घाम पुसत म्हणाले. "कमळा गुरनुलेची कविता होती. 'बोडी'."

हेडमास्तर वझे गर्दी सारत आत आले. आपला मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला त्या सुमाराला ते वाईहून इथे आले होते, आणि त्यांच्या पाठोपाठ सांगलीहून आठल्ये. वझ्यांनी हस्तलिखिताकडे एकदा पाहिलं आणि नाक मुरडलं.

"असल्या विषयावर शाळकरी मुलीनं लिहायचं, हाच मुळात आगाऊपणा," ते पुटपुटले. मग आवाज चढवून म्हणाले, "कुठे आहे ती मुलगी? बोलवा तिला."

कमळा आली. तिच्या कंपासपेटीत पेन्सिल तासायचं अर्धं पातं निघालं. तिच्याच वर्गातल्या एकीने सांगून टाकलं, की 'त्या पानाले मी आगच लावीन' असं कमळा गेल्या आठवड्यात रडत रडत म्हणाली होती. वझ्यांना तेवढं पुरलं. "शाळेच्या अब्रूवर पातं चालवणारी मुलगी मला नको. गुरुवारच्या टपालानं मॅट्रिकचे फॉर्म जातील, त्यात हिचा नसेल."

मांडवाची व्यवस्था पाहायला आलेले नथ्थू पाटील हे सगळं ऐकत होते. ते शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. तंबाखूची चिमूट तळहातावर तशीच ठेवून ते म्हणाले, "सायेब, चौकशी झाल्याबिगर पोरीचं नाव कापाचं नाई. लटारू मास्तराले सांगा. गनिताचा मानूस आहे, हातचा सोडत नाई."

वझ्यांना ते आवडलं नाही, पण अध्यक्षापुढे काय बोलणार! "ठीक. बुधवारी चार वाजता मला उत्तर हवं. हस्तलिखिताच्या कपाटाचं कुलूप फोडलेलं नाही. किल्ल्या तीन आहेत. एक पत्रूकडे, एक माझ्याकडे आणि एक आठल्यांकडे."

तिसरं नाव कानावर पडलं आणि लटारू मास्तरांच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं. तो आनंद होता, हे त्यांनी स्वतःशी लगेच कबूल केलं.

दोन

लटारू मास्तरांना आठल्यांचा राग होता. साधासुधा नव्हे, सकाळी तोंड धुताना आठवावा आणि रात्री दिवा मालवताना पुन्हा आठवावा असा.

आठल्ये येण्याआधी चार वर्षं या शाळेत मराठी लटारू मास्तरच शिकवत होते. कविता म्हणजे त्यांचा जीव. 'आपल्या तोंडातला शब्द वहीत आणाले लाजू नका' असं ते पोरांना सांगत, आणि पोरं बांधीवर म्हणजे धानाच्या शेतावर, मोहाच्या झाडावर, घरच्या म्हशीवर लिहीत. मग आठल्ये आले. 'उच्चार अशुद्ध' असा शेरा पडला आणि मास्तरांच्या हातात गणिताचं पुस्तक आलं. एवढ्यावर भागलं असतं तरी मास्तर गप्प बसले असते. पण गेल्या वर्षी बक्षीस समारंभात आभार मानताना त्यांच्या तोंडून 'मले लय आनंद होऊन राह्यला' असं निघून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी आठल्यांनी अकरावीच्या वर्गात त्याची हुबेहूब नक्कल केली. तेव्हापासून पोरं मागे त्यांना 'मले मास्तर' म्हणत. ज्या पोरांना त्यांनी कविता शिकवली, तीच पोरं.

आता तीन किल्ल्यांतली एक आठल्यांच्या खिशात निघाली होती. देव उशिरा का होईना, पत्ता विचारत आला होता.

मास्तरांनी कमळाला विहिरीच्या कट्ट्याशी बोलावलं. ही शाळेची विहीर हेडमास्तरांच्या घराला लागूनच होती. कमळाचे डोळे सुजले होते, पण आवाज घट्ट होता.

"आग लावीन असं काऊन म्हनलीस?"

"सर हासले, मास्तर. मी 'भरली बोडी' वाचलं अन् सरानं वही खाली ठेवली. म्हने, बोडी मनजे केस काढलेली बाई. तिच्यात पानी कुठून भरते? पुरा वर्ग हासला. मी म्हनलं, सर, आमच्याकडे बोडी मनजे लहान तलाव. त सर म्हने, मग तसं कवितेखाली लिही, चांगल्या वाचकाला कसं समजेल? मले लाल शाईनं टीप लिवाले लावली."

मास्तरांची कानशिलं तापली. त्यांना त्यात फक्त ते हसणं ऐकू आलं. 'भोग म्हणावं आता,' ते मनात म्हणाले.

"पन पान मी नाई कापलं," कमळा म्हणाली. "पुढच्या बाजूले नुसतं नाव होतं, मोठ्या अक्षरात, अन् भोवताल धानाच्या लोंब्यांची वेल. कविता मागच्या बाजूले. ते वेल काढाले मले तीन दिवस लागले. आपल्याच हातानं कापीन का मी?" ती थांबली. "फॉर्म नाई गेला त बाबा यंदाच माहं लगन करून टाकते. पावना पाहून ठेवला आहे. मले शिकाचं आहे, मास्तर."

"त्या पुस्तकात तुहं अजून काई आहे?"

कमळाने पटकन हेडमास्तरांच्या घराच्या खिडकीकडे पाहिलं. गजांमागे कुणी नव्हतं.

"नाई," ती म्हणाली. ती खोटं बोलत होती, हे लहान पोरानेही ओळखलं असतं.

तीन

पत्रू चपराशी सावली गावाकडचा माणूस. बोलायला बसला की घंटा द्यायची विसरायचा.

"शनिवारी बाराले शाळा सुटली," तो सांगू लागला. "कमळी एक वाजेपर्यंत बाकी पानायच्या वेली काढत बसली. मंग मी कुलूप लावलं. तीनले आठल्ये सर आले, आपल्या किल्लीनं कपाट उघडलं, साडेतीनले गेले. मीबी गेलो. रविवारी त मी वडस्याले होतो. नाटक पाहाले. का नाटक होतं, मास्तर! राजा जे रडला..."

"राजा राहू दे. ते पुस्तक कोनकोनं वाचलं होतं?"

"मी वाचलं. चौथी पास आहो न. शिवता शिवता पुरं वाचलं. कमळी अन् तिच्या वर्गानं लिवलं. आठल्ये सरानं त अक्षर न् अक्षर तपासलं." पत्रूला एकदम हसू आलं. "हेडमास्तर सायबानं 'दोन शब्द' लिवून देल्ले न सुरुवातीले, का मी यातलं सर्व लेखन आवडीनं वाचलं मनून? तेव्हा सारी पानं माह्या घरी खाटेखाली सुटी पडून होती. न पाहताच देल्ले लिवून!"

मास्तरही हसले. मोठ्या माणसांच्या दोन शब्दांचं असंच असतं.

"अन् थे 'खिडकी' नावाची गोष्ट आहे न," पत्रूने आवाज खाली आणला, "'एक विद्यार्थिनी' लिवलं आहे त्याच्यावर. थेबी कमळीचीच. अक्षर दुसऱ्या पोरीचं आहे, पन बोलनं तिचंच. तुमी वाचा एकडाव."

मास्तर आधी आठल्यांना गाठायला गेले. आठल्ये शिक्षकांच्या खोलीत चहा गाळत होते.

"शनिवारी तीनले तुमी कपाट उघडलं. काऊन?"

"अनुक्रमणिका तेवढी राहिली होती. ती चिकटवली, कुलूप लावलं आणि निघालो. बाकीची पानं उलटली नाहीत."

"तुमच्याशिवाय तिथी अजून कोन आलं होतं?"

"कोण," आठल्ये म्हणाले. "ण. बाणातला ण, भोयर. चौकशी करता आहात, निदान प्रश्न तरी शुद्ध विचारा."

आठल्यांनी मास्तरांना चहाचा पेला दिला, तो त्यांनी तसाच ठेवून दिला. 'बाणातला ण बुधवारी चार वाजता दाखवतो तुला,' असं ते बाहेर पडताना दातांतल्या दातांत बोलले.

चार

मंगळवारी दुपारी मास्तरांनी वाचनालयाचं दार आतून लावून घेतलं आणि हस्तलिखित पुढ्यात ओढलं.

पहिल्या पानावर शनिवारी चिकटवलेली अनुक्रमणिका होती. 'सतरा: बोडी, कु. कमळा गुरनुले.' तिरप्या उजेडात धरताच त्या ओळीखाली नखाने ओढलेली रेघ दिसली. कागदाला चर पडला होता. अनुक्रमणिकेत शोधत शोधत कुणाचं तरी बोट तिथे येऊन थांबलं होतं.

मास्तर खुर्चीत मागे टेकले. स्वतःचं पान शोधायला कमळाला अनुक्रमणिका कशाला लागते? तीन दिवस वेल काढत बसलेली पोरगी ते डोळे मिटून उघडील. शिवाय ती एक वाजता घरी गेली आणि हा कागद चिकटला तीन वाजल्यानंतर. म्हणजे पोर सुटली!

मग त्यांनी एकतिसावं पान उघडलं. 'खिडकी.'

गोष्ट दोनच पानांची होती. विहिरीजवळच्या घरात एक बाई राहते. अंगावर लाल आलवण, केस काढलेले. तिचा दीर सभेत स्त्रीशिक्षणावर टाळ्या घेतो आणि घरातल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली जानव्याला बांधून ठेवतो. पाणी भरायला आलेली एक मुलगी गजांतून तिला आपली पाठ्यपुस्तकं देते. बाई रोज एक धडा वाचते आणि दुसऱ्या दिवशी मुलीला तो तिच्या सरांपेक्षा बरा शिकवते. नावं नव्हती, पण पळसटोलीत अशी खिडकी एकच होती.

मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. आता सगळं लखलखीत दिसत होतं. कमळाने विधवेवर लिहिलंय, हे कुणाच्या तरी कानावर गेलं. शिक्षणाधिकारी बाईंच्या हातात ते पडू नये म्हणून तो माणूस कपाटापाशी आला. अनुक्रमणिकेत कमळाचं नाव एकाच ठिकाणी होतं, आणि तिथे शब्द होता 'बोडी'. त्याने केस काढलेली बाई समजून पान कापलं, आणि नेला तलाव!

इथलं शेंबडं पोरही बोडी म्हटल्यावर बांधाकडे बोट दाखवील. पावसाळ्यात ज्या पाण्यावर आपलं धान जगतं, त्याला कोण विधवा म्हणेल? ही चूक पत्रू करणार नाही, कमळा करणार नाही, नथ्थू पाटलांचा बैलसुद्धा करणार नाही. ती चूक वरच्या मुलखातून आलेलाच माणूस करणार. आणि 'बोडी मनजे केस काढलेली बाई' असं भर वर्गात म्हणणारा माणूस कोण होता?

लटारू मास्तर त्या बंद खोलीत चक्क टाळी वाजवून हसले. ज्या बोलीची टिंगल केली, त्याच बोलीच्या एका शब्दाने आठल्यांचा पाय धरला होता. याहून गोड सूड कोणत्या कवितेतही सापडला नसता.

पाच

बुधवारी सकाळी त्यांनी अहवाल लिहायला घेतला. भूमितीच्या शिस्तीने, पक्ष, साध्य, सिद्धता. साध्य लिहिताना तर हात नाचत होता: 'पान श्री. आठल्ये यांनी कापले.'

सिद्धतेच्या तिसऱ्या ओळीवर टाक अडखळला.

कापणाऱ्याला बोडी म्हणजे तलाव हे माहीत नव्हतं. पण आठल्यांना ते माहीत होतं. चाळीस पोरांसमोर कमळाने सांगितलं होतं, आणि त्यांनीच ते लाल शाईत लिहवून घेतलं होतं. 'खिडकी'सुद्धा त्यांनी अक्षर न् अक्षर तपासली होती. ती एकतिसाव्या पानावर आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? आपल्याच हाताने चिकटवलेल्या अनुक्रमणिकेत ते नख कशाला ओढतील? आठल्ये त्या पोरीला हसले होते. नेमकं ते हसणंच त्यांना सोडवत होतं.

मास्तरांनी टाक आपटला. शाईचे शिंतोडे भिंतीवर गेले.

मग एक वाईट विचार आला, आणि तो दार न ठोठावता आला. कळतंय कुणाला? आठल्यांचं नाव गेलं तरी कमळा सुटतेच. तिचा फॉर्म जातो. वर्षभराचा हिशेब चुकता होतो. सिद्धतेतली एक ओळ गाळायची फक्त, एकच. मास्तरांनी दुसरा कागद घेतला, ती ओळ गाळून अहवाल स्वच्छ अक्षरात उतरवला आणि खाली सही ठोकली. कागद बंडीच्या उजव्या खिशात घातला. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलायचं!

पण गणिताच्या माणसाला सुटलेला हातचा झोपू देत नाही. कापणारा आठल्ये नव्हे, तर कोण? बाहेरच्या मुलखातला. किल्ली असलेला. आणि पुस्तक न वाचलेला.

'असल्या विषयावर शाळकरी मुलीनं लिहायचं...'

मास्तर उठून उभे राहिले. असल्या म्हणजे कसल्या? तलावावर लिहिण्यात कसला आगाऊपणा? सोमवारी ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि कुणाच्याच डोक्यात शिरलं नव्हतं. ज्याने ते म्हटलं, त्याला तेव्हाही वाटत होतं की आपण विधवेचं पान नेलंय. त्याने पान उलटून मागची कविता पाहिलीच नव्हती.

त्यांनी खरा अहवालही लिहिला, दुसऱ्या खिशात घातला आणि विहिरीवर गेले. गजांमागे लाल आलवण दिसलं. वझ्यांच्या वहिनी बंबासाठी लाकडाच्या झिलप्या काढत होत्या.

"वहिनी, मी लटारू मास्तर. शनिवार-रविवारी बंबात काई कागद गेला का?"

त्यांचा हात थांबला. "मी घरातलं बाहेर बोलत नाही, मास्तर," त्या म्हणाल्या.

"पोरीचं नाव कापून राह्यले. चार वाजता."

खिडकीची झडप मास्तरांच्या तोंडावर बंद झाली. हातात पुरावा म्हणून एक नखाची रेघ आणि एक वाक्य, एवढंच उरलं. हेडमास्तरावर आरोप करायचा आणि तो सिद्ध झाला नाही, तर कमळाही जाणार आणि आपली नोकरीही. उलट उजव्या खिशातला खोटा कागद मात्र कुणालाही पटला असता. पावणेचारची घंटा झाली, तेव्हा मास्तरांचा हात त्याच खिशावर होता.

सहा

हेडमास्तरांच्या खोलीत सगळे जमले होते. वझे टेबलामागे, बाजूला नथ्थू पाटील, खिडकीशी आठल्ये, दाराशी पत्रू. कमळा भिंतीला पाठ लावून उभी होती. टेबलावर हस्तलिखित होतं आणि फॉर्मांचा गठ्ठा. कमळाचा फॉर्म वेगळा काढून ठेवला होता.

"बोला, भोयर," वझे म्हणाले. "थोडक्यात."

"मी आज माह्याच बोलीत बोलतो," मास्तर म्हणाले. "काऊन का चोरी त्या बोलीनंच पकडली आहे."

त्यांनी नखाची रेघ दाखवली. अनुक्रमणिका कधी चिकटली ते सांगितलं, आणि कमळा त्यात बसत नाही हेही. 'खिडकी' कोणावर आहे ते न सांगता एवढंच म्हणाले, की त्यात एक केस काढलेली बाई आहे, आणि कापणाऱ्याला ती गोष्ट न्यायची होती. "पन त्यानं नेली बोडी. पाटील, बोडी मनजे काय?"

"घ्या! तलाव. लहान तलाव," पाटील म्हणाले.

"आपल्याले तलाव. वरच्या मुलखातल्या मानसाले केस काढलेली बाई. मनजे हे काम तिकडच्या मानसाचं आहे, अन् त्याच्याजवळ किल्ली आहे." मास्तर आठल्यांकडे वळले.

सगळ्यांच्या नजरा तिकडेच गेल्या. आठल्यांचा चेहरा कागदासारखा झाला. मास्तरांनी मुद्दाम घाई केली नाही. वर्षभर ते या क्षणाची वाट पाहत होते, आणि तो ऊन भातासारखा त्यांच्या पोटात उतरला. हात अजून उजव्या खिशावर होता. मग त्यांची नजर कमळावर गेली. ती आठल्यांकडे नव्हे, मास्तरांकडे पाहत होती. गणिताचं उत्तर फळ्यावर पुरं व्हायची वाट पाहावी, तशी.

त्यांनी हात खिशावरून काढला.

"सर, बोडी मनजे काय?"

"लहान... लहान तलाव," आठल्ये म्हणाले.

"तुमाले कवा कळलं? कसं कळलं? पुरं सांगा. त्याच्याबिगर तुमी सुटत नाई."

आठल्यांना सांगावं लागलं. आपण वर्गात काय म्हणालो, पोरं कशी हसली, कमळाने अर्थ कसा सांगितला, टीप कशी लिहायला लावली. सांगताना मान खाली गेली होती. "ती... ती माझी चूक होती," शेवटी ते म्हणाले. "शब्द मला माहीत नव्हता. हसायला नको होतं."

"मनजे तुमी नाई," मास्तर म्हणाले. "तुमाले अर्थ माहीत, गोष्ट कुठी आहे ते माहीत. पुस्तक न वाचता आलेला मानूस पाहिजे. हेडमास्तर सायेब, तुमी सोमवारी म्हनले, असल्या विषयावर पोरीनं लिवनं आगाऊपना आहे. तलावात कसला आगाऊपना पाह्यला तुमी?"

वझे उभे राहिले. "भोयर! जिभेला आवर घाला. एका वाक्यावरून तुम्ही... पुरावा काय? ते पान कुठे आहे?"

पान मास्तरांकडे नाही, हे वझ्यांनी ओळखलं. ते खाली बसले, कमळाचा फॉर्म दोन्ही हातांनी उचलला आणि फाडण्यासाठी चिमटीत धरला.

"पान माझ्याकडे आहे," दारातून आवाज आला.

पत्रू बाजूला झाला. वझ्यांच्या वहिनी आत आल्या. घरापासून शाळेचं अंतर तीस पावलं. ती पावलं त्या आज पहिल्यांदा चालल्या होत्या. त्यांनी पदराआडून घडी केलेला कागद काढून टेबलावर उलगडला. लोंब्यांच्या वेलीत मोठ्या अक्षरात 'बोडी'.

"वहिनी, तुम्ही घरी जा," वझे म्हणाले.

"शुक्रवारी जेवताना मीच बोलून गेले, भाऊजी, की कमळानं माझ्यावर लिहिलंय. आनंदाच्या भरात बोलले. शनिवारी संध्याकाळी तुम्ही हा कागद बंबात घालायला दिलात." त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्ही जाळायला देता तो प्रत्येक कपटा मी आधी वाचते. अकरा वर्षं वाचते आहे. त्या घरात मला दुसरं मिळतं काय वाचायला?"

त्यांनी पान उलटलं आणि कमळाकडे पाहत म्हटलं,

"भरली बोडी काठोकाठ,
आभाळ त्यात निजते;
बांधीमधल्या धानासाठी
रातभर ते भिजते."

कमळाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नथ्थू पाटलांनी वझ्यांच्या हातातून फॉर्म काढून घेतला, टेबलावर सपाट केला आणि दौत पुढे सरकवली. "सही करा, सायेब. बाकीचं कमिटी पाहीन." वझ्यांनी सही केली.

मास्तरांनी उजव्या खिशातला कागद खिशातच चुरगळला. सूड पुरता झाला असं त्यांना वाटलं, पण ते चुकले होते. ज्यांचा तो खरा होता, त्या अजून उभ्याच होत्या.

वहिनींनी भिंतीकडची खुर्ची ओढली. दिरासमोर त्या कधी खुर्चीवर बसल्या नव्हत्या. आज सावकाश, नीट बसल्या.

"तुम्ही इथं लिहून दिलंय, की सर्व लेखन आवडीनं वाचलं," त्या म्हणाल्या. "मग एकतिसावं पान काढा. या मुलीनं माझ्यावर काय लिहिलंय, ते मला ऐकायचंय. मोठ्यानं वाचा, भाऊजी. किल्लीचं येईल तिथं थांबू नका."

वझ्यांनी पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी नजर दिली नाही. आठल्यांकडे पाहिलं. आठल्ये मान खाली घालून उभे होते. शेवटी त्यांनी चष्मा चढवला, एकतिसावं पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. जानव्याच्या किल्लीपाशी आवाज बसला. वहिनी म्हणाल्या, "पुन्हा. ऐकू आलं नाही." त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं.

पत्रू दाराशी उभा राहून ऐकत होता. त्या दिवशी शाळा सुटल्याची घंटा त्याने वीस मिनिटं उशिरा दिली.